सहा शहरांची लढत, मैदान मात्र ठाण्याचं

६ मार्च २०२४ रोजी ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहात टेनिस चेंडूची एक स्पर्धा सुरू झाली. इंडियन स्ट्रीट प्रीमिअर लीग, म्हणजे आयएसपीएल. दहा षटकांचे सामने आणि सहा संघ: माझी मुंबई, श्रीनगर के वीर, बंगळूर स्ट्रायकर्स, चेन्नई सिंगम्स, हैदराबादचा फाल्कन रायझर्स आणि टायगर्स ऑफ कोलकाता. मालकांच्या यादीत अमिताभ बच्चन, अक्षय कुमार, हृतिक रोशन, सूर्या, राम चरण, सैफ आणि करीना. १५ मार्चला अंतिम सामना झाला, कोलकात्याने मुंबईला हरवलं आणि मंडळी आपापल्या घरी गेली. या दहा दिवसांत श्रीनगरमध्ये एकही चेंडू पडला नाही, कोलकात्यात नाही, चेन्नईत नाही. सहा शहरांच्या नावाची सगळी स्पर्धा ठाणे स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर असलेल्या एका मैदानात आटोपली. पुढच्या वर्षी, जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुन्हा ठाणंच.

गंमत अशी की त्याच आठवड्यात वानखेडेवर रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता. मुंबई विरुद्ध विदर्भ. मुंबईचा कर्णधार डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे, गोलंदाजांमध्ये कल्याणचा तुषार देशपांडे, मैदान मुंबईचं स्वतःचं. मुंबईने तो १६९ धावांनी जिंकला आणि ४२व्यांदा करंडक उचलला. एकाच महानगरात एकाच वेळी दोन क्रिकेट चालली होती. एकात यजमान कोण आणि पाहुणा कोण हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. दुसऱ्यात ‘माझी मुंबई’ सोडली तर सगळेच पाहुणे होते आणि यजमान म्हणाल तर ज्याने मैदान भाड्याने घेतलं तो.

खेळाच्या भाषेत याला तटस्थ मैदान म्हणतात. शब्द न्यायाधीशाच्या खुर्चीसारखा भारदस्त आहे. दोन्ही संघांना सारखी संधी, कुणाला घरच्या गर्दीचा फायदा नाही, कुणाच्या माळ्याने कुणासाठी खेळपट्टी शिजवलेली नाही, असा त्याचा अर्थ आपण लावतो. तेवढा न्याय त्यात असतोही. पण सामना तिसऱ्या गावी का गेला हे शोधायला निघालं की दहापैकी आठ वेळा वाट न्यायाकडून पैशाकडे वळते.

घरच्या मैदानावर पैसा कसा फिरतो ते आधी पाहू. यजमान संघाला तिकिटांचा पैसा मिळतो. मैदानाभोवतीच्या जाहिराती, खाण्याच्या स्टॉलचं भाडं, बॉक्समधल्या श्रीमंत पाहुण्यांची बडदास्त यांतून आणखी मिळतो. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट पावतीवर दिसत नाही: वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर येऊन बसणारा प्रेक्षक. ही सगळी यजमानाची मिळकत. तिच्यापोटी तो मैदानाची निगा, पोलिस, वीज, पाहुण्यांची व्यवस्था हा खर्च सोसतो. सामना तिसरीकडे नेला की ही मिळकतही सरकते आणि खर्चही. लग्न स्वतःच्या अंगणात न करता मंगल कार्यालयात केलं की मांडवाची कटकट संपते, पण जेवणाचं ताट किती रुपयांचं आणि हॉल किती वाजता रिकामा करायचा हे कार्यालयवाला ठरवतो, तसंच काहीसं.

या व्यवहाराचं सर्वांत उघडं रूप अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दिसतं. आपल्याकडे ‘कॉलेजची टीम’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात एकच बूट दोघांत वापरणारी पोरं. तिथे मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. अशा विद्यापीठाला घरचा एकेक सामना म्हणजे कोट्यवधींची कमाई. हंगामाचं तिकीट काढणारे माजी विद्यार्थी चांगली जागा मिळावी म्हणून वर देणगीही देतात. विद्यापीठाच्या गावातली हॉटेलं त्या सहा-सात शनिवारांवर वर्ष काढतात. मग असा सामना कुणी परगावी का नेईल? कारण परगावचा आयोजक ठोक रकमेची हमी देतो. गर्दी येवो न येवो, दोन्ही संघांना ठरलेले पैसे मिळतात. टेक्सास आणि ओक्लाहोमा या दोन विद्यापीठांची दरवर्षीची लढत डॅलसमध्ये होते, तीही तिथली मोठी जत्रा भरलेली असताना. निम्मी तिकिटं एकाची, निम्मी दुसऱ्याची, आणि मैदानाच्या मधोमध दोन रंगांची सीमारेषा दिसते. जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांचा सामना १९३३ पासून, मधली दोन वर्षं सोडली तर, जॅक्सनव्हिल या तिसऱ्या शहरात होत आला. आता तिथलं स्टेडियम नव्याने बांधायला काढल्यावर तो अटलांटा आणि टॅम्पाकडे वळवायचं ठरलं. ही शहरं विद्यापीठांना पैसे देऊन सामने बोलावतात. त्यांना हॉटेलच्या खोल्या भरायच्या असतात आणि टीव्हीवर शहराचं नाव झळकवायचं असतं.

यात तोटा कुणाचा? विद्यापीठ असलेल्या गावातल्या हॉटेलवाल्याचा, आणि वसतिगृहातून चालत मैदानावर जाणाऱ्या विद्यार्थ्याचा. त्याला आता विमानाचं किंवा बसचं तिकीट काढावं लागतं. ज्याच्या नावाने खेळ चालतो तोच दूर पडतो. ठाण्याकडे परत येताना एवढी गोष्ट लक्षात ठेवायची.

आयएसपीएलसारख्या नव्या लीगला एकच मैदान का परवडतं, ते कागदावर आकडे मांडले की लगेच उमगतं. सामने घरचे-पाहुण्यांचे खेळवायचे तर सहा शहरांत सहा मैदानं भाड्याने घ्यायची. सहा ठिकाणी फ्लडलाइट, कॅमेरे, प्रक्षेपणाची गाडी, ध्वनियंत्रणा, रंगमंच उभारायचा, मोडायचा, पुन्हा उभारायचा. सहा ठिकाणच्या पोलिसांची आणि अग्निशमन दलाची परवानगी. एका मैदानात हे सगळं एकदाच उभं राहतं आणि दिवसाला दोन-तीन सामने उरकता येतात. सहा संघ एकमेकांशी एकदाच खेळले तर साखळीचे १५ सामने होतात. म्हणूनच दहा दिवसांत स्पर्धा संपू शकली. शिवाय ज्या लीगला श्रीनगरमध्ये अजून एकही चाहता नाही, तिला तिथल्या तिकीटविक्रीवर पाणी सोडताना दुःख होण्याचं कारण नाही. नसलेली गोष्ट गमावता येत नाही.

पण मग ठाणंच का? मुंबईत मैदानांची वानवा आहे हे एक कारण आहेच. माझ्या मते त्याहून मोठं कारण मातीत आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, पालघर, रायगड हा सगळा पट्टा टेनिस क्रिकेटचं आगार आहे. आगरी-कोळी गावांतल्या नाईट टुर्नामेंट, ‘कमिटी’ने गोळा केलेली वर्गणी, एंट्री फी, मॅन ऑफ द सीरिजला दुचाकी, माइकवरचा कॉमेंटेटर, अलीकडे यूट्यूबवरचं लाइव्ह. हे विश्व कुणा फिल्मस्टारच्या आधीपासून इथे नांदतं आहे. या स्पर्धांमध्येही मैदान एका मंडळाचं असतं, आणि तिथे येणाऱ्या बाकीच्या सगळ्या संघांसाठी ते परकंच असतं. म्हणजे टेनिस क्रिकेटला घरचं मैदान ही कल्पना मुळातच फारशी ठाऊक नाही. लीगवाल्यांना इथे तयार खेळाडू मिळाले, तयार जाणकार मिळाले, आणि ‘सगळे सामने एकाच ठिकाणी’ या पद्धतीला सरावलेला प्रेक्षकही मिळाला. संघावर नाव शहराचं असलं तरी खेळाडू लिलावातून घेतलेले, त्यामुळे चेन्नईच्या जर्सीत वसईचा मुलगा दिसला तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. अर्थात लीगला ठाण्याची ओढ किती, हेही लवकरच कळलं. तिसरा हंगाम सुरतला गेला. ठोक व्यवहाराचा हा स्वभावच आहे: जिथे अटी बऱ्या, तिथे मुक्काम.

आता मोठ्या बाजारात जाऊ. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. सामने धरले होते ४१०. भागाकार केला तर एका सामन्याची किंमत सुमारे ११८ कोटी होते. आता नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम घ्या. आसनं साधारण ५५ हजार. सगळी भरली आणि सरासरी तिकीट दीड हजाराचं धरलं (हे मी हिशेबासाठी धरतो आहे), तर जमतात सव्वाआठ कोटी. ११८ कुठे आणि सव्वाआठ कुठे! तिकिटाचा पैसा आणि स्थानिक जाहिराती घरच्या संघाकडे राहतात, म्हणून संघमालकाला मैदान प्यारं असतं. पण क्रिकेट मंडळाच्या तिजोरीतला मोठा वाटा सामना नेरुळला झाला काय किंवा दुबईला झाला काय, बदलत नाही. म्हणूनच आयपीएल २००९ मध्ये अख्खी दक्षिण आफ्रिकेत जाऊ शकली, २०१४ मध्ये एक तृतीयांश आणि २०२० मध्ये पूर्ण आखातात. ज्या खेळाचा पैसा दारावरच्या तिकिटातून येतो तो खेळ एका जागी रुजलेला असतो. ज्याचा पैसा पडद्यातून येतो त्याला पाय फुटतात. तटस्थ मैदानाचं अर्थशास्त्र एका ओळीत सांगा म्हटलं तर मी हेच सांगेन.

२०२२ मध्ये याचा मासलेवाईक प्रयोग आपल्याच अंगणात झाला. करोनामुळे साखळीचे सगळे ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे ठेवले: वानखेडे २०, डी. वाय. पाटील २०, ब्रेबॉर्न १५, गहुंजे १५. कुणाला फायदा नको म्हणून प्रत्येक संघाला वानखेडे आणि डी. वाय. पाटीलवर चार-चार, उरलेल्या दोन मैदानांवर तीन-तीन सामने दिले. तरीही मुंबई इंडियन्सला वानखेडेवर खेळू द्यावं का, यावर इतर संघांत कुरबुर झाली. शेवटी काय झालं? मुंबई इंडियन्स दहा संघांत दहावी आली. घरच्या मैदानाचा फायदा नावाची गोष्ट खरी आहे. २०२० मध्ये युरोपातलं फुटबॉल रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवलं गेलं तेव्हा घरच्या संघांची आघाडी कमी झाल्याचं अभ्यासकांनी दाखवलंही. पण ज्या संघाला त्या वर्षी गोलंदाजीच जमत नव्हती त्याला वानखेडे तरी काय वाचवणार! त्या हंगामात संघांच्या सरावासाठी जी मैदानं ठरली त्यांत ठाण्याचं दादोजी कोंडदेवही होतं. म्हणजे सामन्यांचा मान इतरांना आणि गवताची झीज ठाण्याच्या वाट्याला.

२०२३ च्या मार्चमध्ये महिलांची प्रीमिअर लीग सुरू झाली तेव्हाही हेच. पाच शहरांचे पाच संघ, पण सगळे सामने नेरुळ आणि ब्रेबॉर्नवर. तिथे मात्र मुली आणि स्त्रियांना प्रवेश फुकट ठेवला होता, आणि तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. प्रक्षेपणाचा पैसा आधीच हातात होता. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसणं परवडणारं नव्हतं. तटस्थ मैदानावर प्रेक्षक हा गिऱ्हाईक उरत नाही, तो नेपथ्याचा भाग होतो. मग त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे की त्याला सन्मानाने आत सोडायचं, हा आयोजकाच्या चतुराईचा प्रश्न असतो.

रणजी करंडकाची गोष्ट याहून वेगळी, आणि मला सर्वांत बोलकी वाटते ती हीच. तिथे तिकिटाचा पैसा नाही, प्रक्षेपणाचाही जेमतेम. तरीही २०१६-१७ चा सगळा हंगाम तटस्थ मैदानांवर खेळवला गेला. तक्रार खेळपट्ट्यांची होती. यजमान संघटना आपल्याला हवी तशी खेळपट्टी बनवून घेते, सामना दोन-तीन दिवसांत संपतो, गुण खिशात जातात. सौरव गांगुलीच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक समितीने यावर तोडगा म्हणून तिसरं मैदान सुचवलं. इथे हेतू पैशाचा नव्हता, हे मान्य करायला हवं.

मग मुंबईचा पहिला सामना तमिळनाडूशी ठरला आणि तो झाला हरयाणातल्या रोहतकजवळच्या लाहली या गावी. चेंडू तिथे सापासारखा वळतो. तमिळनाडू पहिल्या डावात ८७ धावांत गारद, आणि शेवटी शंभराच्या आतलं लक्ष्य गाठताना मुंबईचे आठ गडी गेले. कल्याणच्या तुषार देशपांडेने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पाऊल ठेवलं ते याच सामन्यात. मुंबईच्या संघात निवड व्हावी म्हणून कल्याणहून लोकलने मैदानं गाठणाऱ्या मुलाचं पदार्पण घरापासून हजारावर किलोमीटरवर, एका अनोळखी गावात. त्याच महिन्यात वानखेडेवर सामना होता महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली. मुंबईच्या त्या मैदानावर स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी नाबाद ५९४ धावांची भागीदारी केली. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. विजय हजारे आणि गुल महंमद यांचा ५७७ धावांचा सत्तर वर्षं टिकलेला भारतीय विक्रम मोडला, आणि संगकारा-जयवर्धने यांचा ६२४ चा जागतिक विक्रम तीस धावांवर राहिला. उत्तरादाखल दिल्लीच्या ऋषभ पंतने ३०८ काढल्या. असा सामना पुण्यात झाला असता तर निदान कॉलेजची पोरं तास बुडवून आली असती. वानखेडेवर महाराष्ट्राचा संघही पाहुणा, दिल्लीचाही पाहुणा. मुंबईकराने कुणासाठी यावं?

खर्चाचा एक कच्चा हिशेब करू. त्या वर्षी २८ संघ तीन गटांत होते: नऊ, नऊ आणि दहा. प्रत्येक गटात सगळे सगळ्यांशी एकदा खेळले म्हणजे ३६, ३६ आणि ४५, एकूण ११७ साखळी सामने. एका संघाबरोबर साधारण वीस माणसं, एका खोलीत दोघं, मुक्काम सहा रात्री. म्हणजे एका संघामागे एका सामन्यासाठी हॉटेलच्या ६० खोल्या-रात्री. घरच्या मैदानावर यजमान संघातले बरेच जण आपल्या घरी झोपतात. तटस्थ मैदानावर दोन्ही संघ हॉटेलात. ११७ ला ६० ने गुणलं की सात हजारांवर खोल्या-रात्री जादा, विमानाची तिकिटं वेगळीच. हा पैसा क्रिकेट मंडळाला जड नव्हता, आणि त्यामुळेच प्रयोग करून पाहता आला. पण यजमान संघटनेचं काय? तिने दोन परक्या संघांसाठी खेळपट्टी, चहापान, सराव, रुग्णवाहिका पुरवायची आणि आपला एकही मुलगा मैदानात नाही. कामात जीव कुणाचा लागणार? नोव्हेंबरमध्ये दिल्लीत बंगाल विरुद्ध गुजरात आणि हैदराबाद विरुद्ध त्रिपुरा असे दोन सामने ठेवले होते. धुरक्यामुळे ते दोन्ही रद्द झाले. चारपैकी एकाही संघाचा दिल्लीशी संबंध नव्हता. मुंबईचा उपांत्यपूर्व सामना रायपूरला, उपांत्य राजकोटला, अंतिम इंदूरला. तिथे गुजरातने पार्थिव पटेलच्या १४३ धावांच्या जोरावर ३१२ चं लक्ष्य गाठून पहिल्यांदा करंडक नेला. हंगाम संपल्यावर कर्णधार आणि प्रशिक्षकांनी घरचे सामने परत मागितले, आणि २०१७-१८ पासून ते परत आले.

या प्रयोगातून मी एवढंच घेतो: तटस्थ मैदानाने खेळपट्टीची लबाडी आटोक्यात येते, पण त्याची किंमत कुणीतरी बाहेरून भरावी लागते. भरणारा खमका असेल तोवरच ती चैन.

कबड्डीची वाट याच्या बरोबर उलट गेली. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा लीगचा तांडा शहराशहरांतून फिरायचा. एका शहरात मुक्काम पडला की तिथला संघ घरचा. मुंबईची यू मुम्बा वरळीच्या डोममध्ये खेळायची तेव्हा आतला आवाज छत उडवेल असा असे. करोनात सगळी स्पर्धा बंगळूरच्या एका हॉटेलात झाली, आणि मग मालकांना या सोयीची चव लागली. पुढे दहाव्या हंगामात बारा शहरांचा दौरा परत आला खरा, पण अकराव्यात तीन शहरं, आणि २०२५ च्या बाराव्या हंगामात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. ज्या राज्यात कबड्डी शाळेच्या पटांगणात शिकतात, त्या महाराष्ट्रात एकही मुक्काम नाही. अंतिम सामना दिल्लीत झाला, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. जिंकली दिल्लीच. हे मैदान पुण्याच्या दृष्टीने किती तटस्थ होतं ते वाचकांनीच ठरवावं.

कधीकधी सामना न्यायालयही हलवतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात पाण्याची रेल्वे धावत होती, कल्याण-डोंबिवलीत पाणीकपात होती, आणि मैदानांवर टँकर ओतले जाणार होते. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. मुंबई आणि पुण्याचे उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला गेले, अंतिम सामना बंगळूरला. दोन वर्षांनी उलटं घडलं. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं आणि चेन्नई सुपर किंग्जचे सहा घरचे सामने पुण्याला आले. मालकांनी चाहत्यांसाठी चेन्नईहून खास रेल्वे सोडली. पण पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानासाठी पवना नदीचं पाणी वापरू नये असा आदेश पुन्हा उच्च न्यायालयातून आला. पाण्यावरून हललेला सामना पाण्यापाशीच येऊन अडला.

आता कल्याण-डोंबिवलीचा प्रेक्षक कुठे बसतो? २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती, ठाण्याची अठरा लाखांवर. रहाणे आणि देशपांडे देणाऱ्या कल्याण-डोंबिवलीतल्या माणसाला मोठा सामना पाहायचा तर वानखेडे, ब्रेबॉर्न किंवा नेरुळ. मुंबई सिटी एफसी २०१४ मध्ये फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमध्ये उतरली तेव्हा तिचं घर नेरुळ होतं. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने जाता येई. २०१६ मध्ये संघ अंधेरीच्या छोट्या मैदानावर गेला. अर्धं रिकामं मोठं स्टेडियम पोसण्यापेक्षा भरलेलं छोटं बरं, हा हिशेब मालकाच्या बाजूने चोख आहे. डोंबिवलीकराच्या बाजूने पाहिलं तर ‘आपला’ संघ दादरचा जिना चढून पश्चिम रेल्वेवर गेला. रात्री अकराच्या पुढे संपणाऱ्या सामन्याचं खरं तिकीट म्हणजे परतीची शेवटची लोकल, आणि ती कुठल्याच ताळेबंदात लिहिलेली नसते.

आपल्या कॉलेजांचं क्रीडाविश्व तर सगळंच तटस्थ. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार होतात. एखादं कॉलेज यजमान होतं, बाकीचे तिथे जातात. कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर, ठाण्याचं जोशी-बेडेकर यांच्यात घरच्या-पाहुण्यांच्या सामन्यांची रीत नाही, कारण तिकीट नाही आणि राखायला मिळकत नाही. फीच्या पावतीवर ‘जिमखाना’ म्हणून एक ओळ असते, त्यातून जर्सी, चेंडू आणि प्रवास भागवायचा. अमेरिकेतलं विद्यापीठ सामना परगावी नेतं तेव्हा काय गमावतं हे त्याला रुपया-पैशात सांगता येतं. आपल्या कॉलेजांकडे गमावण्यासारखं काही उभंच राहिलेलं नाही. दोन कॉलेजांमधला एक सामना दरवर्षी आलटून-पालटून एकमेकांच्या पटांगणावर खेळवायला खरं तर फक्त दोन क्रीडा संचालकांचा एक फोन लागतो.

तटस्थ मैदानाच्या हिशेबात आणखी एक माणूस असतो, तो म्हणजे बंदोबस्ताचा पोलिस. मुंबईतल्या सामन्यांच्या बंदोबस्ताचं शुल्क वर्षानुवर्षं थकलं, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ते शुल्क भरघोस कमी केलं, तेही २०११ पासून मागे लागू करून. त्यावर जनहित याचिका झाली आणि न्यायालयाने सरकारला जाब विचारला. एका सामन्यामागे ११८ कोटींचे हक्क विकणाऱ्या उद्योगाला ही सवलत का, याचं पटेल असं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

दादोजी कोंडदेव हे ठाणे महापालिकेचं मैदान आहे, म्हणजे करदात्याचं. तिथे बाहेरची लीग आली तर माझा विरोध नाही. दहा दिवस दिव्यांनी उजळलेलं मैदान मुलांनी पाहावं, त्यात वाईट काही नाही. पण भाडं किती मिळालं, सराव धरून मैदान किती दिवस स्थानिक खेळाडूंना बंद राहिलं, खेळपट्टी पूर्ववत करण्याचा खर्च कुणी केला आणि ठाणेकरांसाठी किती स्वस्त जागा राखल्या, या चार गोष्टी करारात लिहिलेल्या आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकलेल्या असाव्यात. ठाण्यात राहत असाल तर आपल्या नगरसेवकाला हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.